नोकरीसाठीची मुलाखत

नोकरीसाठीची मुलाखत म्हणजे रिक्त पदावर नेमणूक करण्यापूर्वी नियोक्ता किंवा निवड मंडळ उमेदवाराशी जे हेतुपूर्वक संभाषण करते ते होय. उमेदवाराला काय ठाऊक आहे हे लेखी परीक्षेतून कळते. तो त्या पदाचे काम कसे करील याचा अंदाज मुलाखतीतून घेतला जातो. अंदाज चुकूही शकतो. म्हणून मुलाखतीला किती वजन द्यावे, हा प्रश्न प्रशासन, न्यायालये आणि मानसशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत वादाचा राहिला आहे. महाराष्ट्रात शासकीय आणि खासगी अशा दोन्ही प्रकारच्या मुलाखतींचे एक मोठे केंद्र म्हणजे नवी मुंबई. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे कार्यालय सीबीडी बेलापूर येथे सेक्टर ११ मध्ये, सरोवर विहारसमोरील इमारतीत आहे. तेथून काही स्थानके पलीकडे ऐरोली, घणसोली आणि महापे येथे माहिती तंत्रज्ञान व सेवा क्षेत्रांतील कंपन्यांची दाट वस्ती आहे.

संज्ञा

‘मुलाखत’ हा शब्द अरबी ‘मुलाकात’वरून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘भेट’ असा आहे. प्रश्नोत्तरांचा आणि निवडीचा अर्थ त्याला नंतर चिकटला. हिंदीत याच अर्थाने ‘साक्षात्कार’ हा शब्द रूढ आहे. मराठीत साक्षात्कार संतांना होतो, उमेदवारांना नाही. त्यामुळे केंद्र सरकारची हिंदी पत्रे प्रथमच वाचणारा मराठी विद्यार्थी क्षणभर थबकतो. संघ लोकसेवा आयोग नागरी सेवा परीक्षेच्या या टप्प्यास ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ म्हणतो. विद्यापीठातील मौखिक परीक्षा ही याहून वेगळी असते, कारण तिच्यात विषयाचे ज्ञान तपासले जाते, नेमणुकीचा निर्णय होत नाही.

शासकीय भरतीतील मुलाखत

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३१५ अन्वये संघासाठी आणि राज्यांसाठी लोकसेवा आयोग आहेत. मुंबई प्रांतात असा आयोग १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार १९३७ मध्ये अस्तित्वात आला होता. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे काम राज्यनिर्मितीबरोबर, १ मे १९६० पासून सुरू झाले.

आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत दीर्घकाळ मुख्य परीक्षेला ८०० आणि मुलाखतीला १०० गुण होते. वर्णनात्मक पद्धतीच्या नव्या आराखड्यात मुख्य परीक्षेचे १,७५० आणि मुलाखतीचे २७५ असे एकूण २,०२५ गुण आहेत. ही रचना संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसारखीच आहे. ही पद्धत २०२३ पासून लागू व्हायची होती. परंतु पुण्यातील विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ती २०२५ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. जुन्या रचनेत मुलाखतीचा वाटा सुमारे ११ टक्के होता, नव्या रचनेत तो साडेतेरा टक्क्यांच्या आसपास जातो. हा वाटा दिसायला लहान आहे. मात्र मुख्य परीक्षेत उमेदवार एकेका गुणाच्या अंतराने उभे असतात, आणि मुलाखतीत दोघांमध्ये वीस-तीस गुणांचा फरक सहज पडू शकतो. अंतिम यादीतील क्रम, आणि क्रमावरून मिळणारे पद, बदलते ते इथे.

सर्वच पदांना मुलाखत नसते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद करण्याचा विचार मांडला, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट क व गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती थांबवल्या. वशिला आणि देवघेव यांना मुलाखतीत वाव मिळतो, हे त्यामागचे मुख्य कारण होते. महाराष्ट्रात सहायक कक्ष अधिकारी आणि राज्य कर निरीक्षक या पदांची निवड मुख्य परीक्षेच्या गुणांवर होते; पोलीस उपनिरीक्षकासाठी मात्र शारीरिक चाचणी आणि मुलाखत हे दोन्ही टप्पे ठेवलेले आहेत. शिक्षक भरतीत २०१७ पासून शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेतली जाते. ‘पवित्र’ प्रणालीत जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी मुलाखत नसते. खासगी अनुदानित संस्थांना मात्र मुलाखतीसह किंवा मुलाखतीविना असे दोन पर्याय दिलेले आहेत. मुलाखतीसह भरतीत उमेदवाराचे अध्यापन कौशल्यही पाहिले जाते. शिक्षकी पेशाच्या दृष्टीने हा भाग अधिक मोलाचा म्हटला पाहिजे. खडू हातात घेऊन पाच मिनिटे शिकवणारा उमेदवार अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांपेक्षा स्वतःबद्दल अधिक सांगून जातो.

मुलाखतीची प्रतीक्षा हीदेखील या प्रक्रियेची एक बाजू आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२० रोजी मराठा आरक्षणाला दिलेली अंतरिम स्थगिती आणि कोरोनाची साथ यांमुळे राज्यातील अनेक निवडप्रक्रिया अडकल्या. अभियांत्रिकी सेवेच्या पूर्व व मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची दीर्घकाळ वाट पाहणाऱ्या पुण्यातील एका तरुणाने २०२१ च्या जून अखेरीस आत्महत्या केली. त्यानंतर आयोगातील सदस्यांची रिक्त पदे भरण्याची घोषणा सरकारला विधिमंडळात करावी लागली.

मुलाखतीचे गुण आणि न्यायालये

मुलाखतीला मनमानी वजन देऊन लेखी परीक्षेचा निकाल फिरवता येतो, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे अनेकदा आली. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांविषयीच्या अजय हसिया खटल्यात (१९८१) न्यायालयाने तोंडी परीक्षेस एक-तृतीयांश गुण देणे मनमानीचे ठरवले आणि १५ टक्क्यांपेक्षा अधिक गुण सर्वसाधारणपणे नसावेत असे म्हटले. त्याच वर्षीच्या लीलाधर खटल्यात राजस्थानच्या न्यायिक सेवेसाठी ठेवलेले २५ टक्के गुण मात्र मान्य झाले. प्रवेशार्थी विद्यार्थी आणि प्रौढ अधिकारी यांची पारख एकाच मापाने होऊ नये, असा त्यामागचा तर्क होता. पुढे हरियाणातील भरतीविषयीच्या अशोक कुमार यादव खटल्यात (१९८५) सर्वसाधारण उमेदवारांसाठीचे २२.२ टक्के गुण अवाजवी ठरले, आणि संघ लोकसेवा आयोगाचे तेव्हाचे १२.२ टक्के हे प्रमाण न्यायालयाने योग्य मानले.

मुलाखतीचा अंदाज कितपत खरा ठरतो

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अनेक दशकांतील संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. मुलाखतीतील गुण आणि प्रत्यक्ष कामगिरी यांचा सहसंबंध संरचित मुलाखतीत ०.५१, तर असंरचित मुलाखतीत ०.३८ इतका त्यांना आढळला. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ही गणिते पुन्हा तपासली, तेव्हा आकडे अनुक्रमे ०.४२ आणि ०.१९ असे खाली आले. सर्व उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न विचारणे आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण देणे, ही संरचित मुलाखतीची लक्षणे आहेत. असंरचित मुलाखतीत गप्पा रंगतात, ‘मुलगा चुणचुणीत वाटला’ असा शेरा पडतो, आणि तो शेरा पुढे फारसा उपयोगी ठरत नाही.

उमेदवाराच्या दृष्टीने या संशोधनाचा अर्थ व्यावहारिक आहे. समोर बसलेल्यांच्या हाती गुणपत्रक असो वा नसो, लिहून ठेवता येईल असा पुरावा ज्या उत्तरात आहे ते उत्तर टिकते. पुढील तयारीचा विचार याच आधारावर केला आहे.

तयारी

तयारीची सुरुवात स्वतःच्या अर्जापासून करावी. निवड मंडळापुढे उमेदवाराविषयी पहिला कागद तोच असतो आणि बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात. गाव, तालुका, शाळा, पदवीचा विषय, मधल्या रिकाम्या वर्षाचे कारण, छंद अशा प्रत्येक नोंदीपुढे संभाव्य प्रश्न लिहून काढावेत. छंदाच्या रकान्यात ‘वाचन’ लिहिणाऱ्याला शेवटी वाचलेले पुस्तक कोणते, हे विचारले जातेच. तिथे अडखळणारा उमेदवार केवळ एका प्रश्नाचे गुण गमावत नाही. अर्जातील उरलेल्या नोंदीही मग संशयाने वाचल्या जातात.

गावाविषयीचा प्रश्न साधा समजू नये. उरण किंवा पनवेल तालुक्यातील उमेदवाराला नवी मुंबईची निर्मिती सांगता आली पाहिजे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली, ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी संपादित करण्याचे ठरले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेला विमानतळ हे याच कथेचे पुढचे भाग होत. येथे मंडळाला सनावळ्या पाठ हव्या असतात असे नाही. भूसंपादन अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर हा उमेदवार जमीन गेलेल्या कुटुंबाची बाजूही मांडू शकेल काय आणि प्रकल्पाची गरजही ओळखेल काय, हे ते पाहत असतात. गडचिरोली, धाराशिव किंवा सिंधुदुर्गच्या उमेदवाराने आपापल्या जिल्ह्याबाबत अशीच तयारी ठेवावी.

अनुभवाविषयीच्या प्रश्नांना उत्तर देताना चार गोष्टी क्रमाने याव्यात: प्रसंग काय होता, आपल्याकडे कोणते काम होते, आपण नेमके काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला. नवपदवीधरांची नेहमीची अडचण ‘मला अनुभवच नाही’ ही असते. ती बहुधा खरी नसते. समजा, एखाद्या वाणिज्य पदवीधराने सुट्टीत वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील कांदा-बटाटा बाजारात नातेवाइकाच्या गाळ्यावर हिशेब लिहिला आहे. ‘मी मेहनती आहे आणि मला हिशेबाची आवड आहे’ हे त्याचे उत्तर कोणीही देऊ शकेल. ‘पहाटे गाडी उतरली की गोण्यांची संख्या चिठ्ठीशी ताडून घ्यायचो. दोन वेळा वजनात फरक निघाला, तेव्हा शेतकऱ्याला फोन करून त्याच्यासमक्षच पट्टी दुरुस्त केली. त्यानंतर वजनाची नोंद दोघांच्या सहीने करण्याची पद्धत आम्ही सुरू केली’ हे उत्तर फक्त त्यालाच देता येते. लेखापालाच्या पदासाठी लागणारी सचोटी, नोंदींची शिस्त आणि वादात बोलण्याची रीत यांपैकी एकही शब्द त्यात नाही, तरी तिन्ही गुण त्यात दिसतात. घरची शेती, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, गणेशोत्सवाचा जमाखर्च, आजारी माणसाची इस्पितळातील कागदपत्रे अशा सगळ्यांतून अशी उत्तरे निघतात. मात्र प्रसंग खरा असावा. दुसरा-तिसरा उपप्रश्न आला की रचलेला प्रसंग उघडा पडतो.

पद आणि संस्था यांची माहिती मिळवणे आवश्यक आहे, पण त्यात मर्यादा ठेवावी. तहसीलदार पदाच्या उमेदवाराला सातबारा, फेरफार आणि आपत्ती व्यवस्थापनातील तहसीलदाराची जबाबदारी ठाऊक हवी. कंपनीच्या उमेदवाराला ती कंपनी कोणाला काय विकते आणि आपल्या पदाचे रोजचे काम काय, एवढे स्पष्ट हवे. संकेतस्थळावरची ध्येयधोरणे घोकून म्हणून दाखवल्याने काहीही साधत नाही.

सराव मोठ्याने बोलून करावा. मनातल्या मनात प्रत्येक उत्तर सुरेख असते. मुंबईतील राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था, पुण्याची ‘यशदा’ आणि ठाणे महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था येथे स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना मार्गदर्शन मिळते. ‘बार्टी’, ‘सारथी’ आणि ‘महाज्योती’ या संस्थाही त्यांच्या लक्ष्यगटांसाठी साहाय्य करतात. अभिरूप मुलाखती दोन-तीन पुरेत. दहा ठिकाणी दहा सल्ले घेतलेला उमेदवार शेवटी स्वतःच्या आवाजात बोलेनासा होतो, आणि अनुभवी सदस्यांना ते पहिल्या दोन मिनिटांत जाणवते.

कागदपत्रांची तयारी रूक्ष असली तरी तिच्यातील त्रुटी गुणवत्तेनेही भरून निघत नाहीत. राज्यसेवेसाठी साधारणतः पदवी प्रमाणपत्र व गुणपत्रिका, वयाचा पुरावा, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जात, जातवैधता व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रे, नावात बदल असल्यास राजपत्र किंवा विवाहाचा दाखला, आणि २००५ च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र लागते. विवाहित स्त्रियांच्या कागदपत्रांवरील दोन नावांचा घोळ आधीच निस्तरून घ्यावा.

भाषेचा प्रश्न

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची मुलाखत मराठीत देता येते. मुख्य परीक्षा मराठी माध्यमातून लिहिणाऱ्यांना संघ लोकसेवा आयोगाची व्यक्तिमत्त्व चाचणीही मराठीत देण्याची मुभा आहे. तेथे गरजेनुसार दुभाष्याची सोय असते. दुभाष्यासह मुलाखत देताना वाक्ये लहान ठेवावीत, कारण लांब वाक्याचा अर्धा अर्थ वाटेत सांडतो. मराठी माध्यम निवडले म्हणून प्रशासकीय परिभाषेचे ओझे घेण्याचे कारण नाही. ‘अंमलबजावणी’ म्हणता येत असताना ‘कार्यान्वयन’ शोधत बसू नये, आणि ‘बजेट’ हा शब्द तोंडी आला म्हणून मराठीपण कमी होत नाही.

उच्चारांबाबत एक गोष्ट स्पष्ट नोंदवायला हवी. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारा, किंवा आगरी, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी वळणाने बोलणारा उमेदवार अनेकदा त्या धास्तीनेच निम्मे बोलतो. बोलीचे वळण हा दोष नाही. ज्या अधिकाऱ्याला पुढे गावोगावच्या लोकांशी बोलायचे आहे त्याच्यासाठी ती जमेची बाजू आहे. औपचारिक प्रसंगी प्रमाण भाषेकडे झुकावे, एवढे पुरे. वाक्य नीट पूर्ण करणे उच्चारापेक्षा महत्त्वाचे असते.

खासगी कंपन्यांत चित्र वेगळे आहे. परदेशी ग्राहकांशी बोलण्याचे काम असेल तर इंग्रजी ही कामाचीच गरज आहे, आणि तिची परीक्षा न्याय्य म्हणावी लागते. गोदामाच्या हिशेबाच्या किंवा यंत्रदुरुस्तीच्या कामासाठी मात्र अस्खलित इंग्रजीची अट पुष्कळदा सवयीने घातली जाते. अशा ठिकाणी आपल्या कामासंबंधीची वीस-पंचवीस इंग्रजी वाक्ये पक्की करावीत, प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा सांगण्याची विनंती करावी, आणि अडल्यास हिंदीत किंवा मराठीत सांगू का, असे मोकळेपणाने विचारावे.

प्रत्यक्ष मुलाखत

संघ लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेत व्यक्तिमत्त्व चाचणीचे वर्णन उलटतपासणीऐवजी हेतुपूर्वक पण सहज संभाषण असे केलेले आहे. तेच सूत्र इतरत्रही लागू पडते. प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्याकडे पाहून बोलावे, इतर सदस्यांनाही नजरेत घ्यावे. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ हे वाक्य वेळ न दवडता उच्चारावे. अर्धवट अंदाज बांधून केलेली सारवासारव अधिक महाग पडते. मत विचारले असता ते द्यावे, त्याचे कारण द्यावे, आणि सदस्याने खोडून काढल्यास त्याच्या म्हणण्यात तथ्य असेल तेवढे मान्य करावे. सदस्य मुद्दाम विरोधी बाजू घेतात ते उमेदवार हट्टी आहे की लवचिक, हे पाहण्यासाठी. पोशाख स्वच्छ, साधा, अंगाला सवयीचा असावा. नवे कोरे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालणे टाळावे.

वेळेचा हिशेब स्थळावर अवलंबून असतो. बेलापूरला हार्बर मार्गाने किंवा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने येता येते. रविवारी मेगाब्लॉक असतो. महापे औद्योगिक वसाहतीतील पत्ते कोपरखैरणे किंवा घणसोली स्थानकापासून चालत गाठण्याजोगे नसतात, आणि पावसाळ्यात रिक्षा मिळेलच असे नाही. बाहेरगावच्या उमेदवाराने आदल्या दिवशी येऊन जागा पाहून ठेवणे इष्ट. दृक्‌श्राव्य मुलाखतीत उजेड चेहऱ्यावर पडेल असे बसावे, आणि वीज गेल्यास संपर्क कसा साधायचा हे आधीच विचारून घ्यावे.

पूर्वग्रह आणि उमेदवाराचे हक्क

मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी चर्चा केली. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो असे सांगणारे हे अधिकारी बहुतांशी उमेदवाराच्या ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ला महत्त्व देत होते. ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका निरुपद्रवी नाही. त्याला एका वाक्यात, संकोच न बाळगता उत्तर द्यावे आणि बोलणे कामाकडे वळवावे.

भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती. ती तरतूद आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे. लग्न केव्हा करणार, मूल झाल्यावर काम सोडणार का, असे प्रश्न स्त्री उमेदवारांना आजही विचारले जातात. ‘या पदाच्या वेळा मला मान्य आहेत’ एवढेच उत्तर पुरेसे आहे. शासकीय आस्थापनांत अपंग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी देणे २०१६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. उमेदवाराला मुलाखतीच्या ठिकाणी उतरंड, दुभाषी किंवा अधिक वेळ लागणार असेल तर बोलावणे येताच तसे लेखी कळवावे.

फसवणूक

मोठे प्रकल्प उभे राहतात तेथे बनावट मुलाखतीही भरतात. मुलाखतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा नियुक्तीपत्रासाठी रोख रक्कम मागितली गेली, बोलावणे कंपनीच्या अधिकृत पत्त्याऐवजी खासगी ईमेलवरून आले, किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची भाषा झाली, तर तेथून निघावे आणि पोलिसांत कळवावे. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. परदेशातील नोकरीसाठी मुलाखती घेणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. कंत्राटदारामार्फत होणाऱ्या भरतीत नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे असेल, भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार आणि करार किती महिन्यांचा आहे, हे तीन प्रश्न उमेदवाराने मुलाखतीतच विचारावेत व उत्तरे लेखी मागावीत.